एकोणचाळीस लाखांचा नाथाजी

नोटीस आली तेव्हा नाथाजी अर्जुना फडतरे ओट्यावर बसून नखं कापत होता. उमेदवारानं आपलं निवडणूक चिन्ह सतत लोकांच्या नजरेसमोर ठेवावं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि विधानसभेच्या या निवडणुकीत त्याच्या वाट्याला चिन्ह आलं होतं नेलकटर. समोरून माणसं येत-जात होती, पण इथं प्रचार चालू आहे हे काही कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. पाच दिवसांत नखं मात्र पार मुळाशी पोहोचली होती.

शिपायानं कागद दिला, सही घेतली आणि जाताना "येतो साहेब" म्हणाला. फौजेतून निवृत्त झाल्यापासून नाथाजीला साहेब म्हणणारा हा पहिला माणूस. तिथंच त्याला शंका यायला हवी होती. कागदावर लिहिलं होतं, की आपण सादर केलेला प्रचाराचा खर्च रुपये दोन हजार तीनशे चाळीस आहे, कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे तो एकोणचाळीस लाख बारा हजार आहे, तरी या तफावतीचा खुलासा आठवडाभरात साताऱ्याला समक्ष हजर राहून करावा.

त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि पस्तावला. शालन पदराला हात पुसत बाहेर आली.

"एकोणचाळीस लाख? आवं, मागल्या म्हैन्यात पाण्याच्या मोटरीला आठ हजार मागितलं, तर पेन्शन झाली न्हाई म्हणालात."

"अगं, हे माझं न्हाई."

"कागदावर नाव तर तुमचंच हाय," ती म्हणाली.

सगळा घोळ त्या नावाचाच होता. तीन आठवड्यांपूर्वी विद्यमान आमदारांचा उजवा हात समजला जाणारा वीरधवल एक पांढरी गाडी घेऊन दारात आला होता. तुमच्यासारखा शिस्तीचा, फौजेत घासलेला, निष्कलंक माणूस राजकारणात पाहिजे, असं तो अर्धा तास बोलला. नाथाजीनं सतरा वर्षं फौजेच्या स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजली होती, त्यामुळे कलंक लागण्यासारखं त्याच्या हातून काही घडण्याची सोयच नव्हती. पण कौतुकाला माणूस कधी पुरावा मागत नाही. वीरधवलनं अनामत स्वतः भरली, फॉर्म स्वतः लिहिला. फक्त एक गोष्ट त्यानं तीनतीनदा विचारून घेतली, की वडिलांचं नाव अर्जुनाच ना.

दुसऱ्या दिवशी कळलं, की आमदारांच्या विरोधात बंड करून उभे राहिलेले कारखानदार नाथाजीराव यांचंही पूर्ण नाव नाथाजी अर्जुना फडतरे असंच आहे. यंत्रावर दोघांची नावं खालीवर येणार, चार-दोन हजार लोक चुकून खालचं बटण दाबणार आणि कारखानदार पडणार, एवढाच त्या निष्कलंक माणसाचा उपयोग होता. हे सगळ्या गावाला लगेच समजलं. नाथाजीला आठवड्यानं समजलं, आणि समजल्यावरही त्यानं मनाची अशी समजूत घातली, की असेना का, नाव तर आधी आपलं आहे. कारखानदार त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होते.

तरीसुद्धा हे प्रकरण दोन हजार तीनशे चाळिसातच मिटलं असतं. पण चिन्हं मिळायच्या आधी तो एकदा बी-बियाणं आणायला वडूजला गेला आणि चौकात थबकला. चाळीस फुटी फ्लेक्स होता. फोटो नाही, चिन्ह नाही, भगव्यावर पांढऱ्या अक्षरात फक्त एवढंच, 'आता ठरलंय! नाथाजी अर्जुना फडतरे'. एकेक अक्षर नाथाजीपेक्षा उंच. आजवर त्यानं आपलं नाव रेशनकार्डावर पाहिलं होतं, पेन्शनच्या पुस्तकात पाहिलं होतं, लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या यादीत तेविसावं पाहिलं होतं. पण आभाळात कधी पाहिलं नव्हतं. फ्लेक्स कुणाचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं एका रिक्षावाल्याला विनंती करून त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि 'जनतेचं प्रेम' असं लिहून स्टेटसला टाकला.

तेवढ्यात निवडणूक खात्याचं कॅमेरावालं पथक आलं. पथक बाहेरच्या जिल्ह्यातलं, त्याला इथला कोण कोण काय माहीत. त्यातल्या एकानं विचारलं, हा फ्लेक्स कुणाचा? नाथाजीनं आजूबाजूला पाहिलं. रिक्षावाला ऐकत होता, दोन कॉलेजच्या मुली ऐकत होत्या.

"नाव वाचा की," तो म्हणाला. "माझाच."

पथकानं पंचनामा केला. नाथाजीनं खाली सही ठोकली, आणि सहीखाली न विचारता 'उमेदवार' असंही लिहिलं. मग त्याच नमुन्याचे मतदारसंघातले एकसष्ट फ्लेक्स, तोच मजकूर छापलेल्या पेपरातल्या पानभर जाहिराती आणि तोच मजकूर दाखवत फिरणाऱ्या पडद्याच्या गाड्या, असं सगळं कार्यालयातल्या इमानी कारकुनानं दरपत्रकाप्रमाणे मोजून ओळीनं नाथाजीच्या पानावर चढवलं. कारखानदारांचं पान वरचं, नाथाजीचं खालचं. मतदारानं करायची चूक कारकुनानं आधीच करून ठेवली.

नोटिशीची बातमी एका साप्ताहिकात आली. 'नेलकटरमागे कुणाचा काळा पैसा?' असा मथळा होता. नाथाजीनं तो वाचून सुरुवातीला घाबरायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सोसायटीचा चेअरमन घरी येऊन चहा पिऊन गेला. देवळाच्या कमिटीनं कळसासाठी सव्वा लाखाची पावती नाव घालून तयारच आणली. हॉटेलवाल्या धनाजीनं बाकावरची माणसं उठवून त्याला जागा दिली. सदतीस वर्षांत न आलेला चुलत मेहुणा विट्याहून आला आणि सोनं गाळायच्या दुकानात भागीदारी करता का, असं विचारून गेला. शालन हे सगळं बघत होती आणि मोटरीचे आठ हजार रोज एकदा आठवण करून मागत होती.

मग कारखानदारांचा माणूस मल्हार पेढे घेऊन आला.

"पावणं, तो खर्च राहू द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "मालकांची मर्यादा चाळीस लाखांची, ती कवाच भरत आली. तुमचं पान रिकामंच पडलं हुतं. नाव येकच हाय, कुणाचं काय बिघडतंय?"

नाथाजीला त्यात तथ्य वाटलं. निदान एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी पारावर गुंडा सुभेदारानं त्याला बाजूला घेतलं. "गड्या, खोट्या हिशेबाचा गुन्हा दाखल झाला तर पेन्शन अडकतीय बघ," तो म्हणाला. खरं-खोटं सुभेदाराला ठाऊक. पण पेन्शन हा शब्द ऐकल्यावर साहेबपण पायातून जमिनीत गेलं. घर त्या पेन्शनवर चालत होतं. पेढ्याचा पुडा अजून अर्धा शिल्लक होता, तो नाथाजीनं उचलून फळीवर ठेवून दिला.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सांगलीच्या छापखान्याचं नाव होतं. नाथाजी एसटीनं सांगलीला गेला. छापखान्याचा मालक भरतेश चौगुले सरळ, मोजकं बोलणारा गृहस्थ निघाला. फ्लेक्स कारखानदारांनी छापून घेतले हे त्यानं तोंडी कबूल केलं, पण लेखी द्यायला तयार होईना. कारखानदारांकडून बिलाचे पैसे अजून यायचे होते.

"तुमास्नी वळकत न्हाई, येवढं लिहून देतो," तो म्हणाला. "ते खरंच हाय."

आणि त्यानं छापील लेटरहेडवर लिहून दिलं, की सदर इसमास आम्ही ओळखत नाही, त्यांनी आमच्याकडे आजवर काहीही छापलेले नाही व यापुढे छापतील असे वाटत नाही.

परतीच्या एसटीत नाथाजीनं तो कागद चार वेळा वाचला. वाईट वाटलं, पण डोक्यात प्रकाशही पडला. एकोणचाळीस लाखांचा माणूस आपण नाही, हे सिद्ध करायचं तर आपण कुणीच नाही हे सिद्ध करायला हवं. बाकी पुरावा हाती नव्हता, पण या पुराव्याला गावात तोटा नव्हता.

चारित्र्याच्या दाखल्याला जिथं तीन हेलपाटे पडतात, तिथं हे दाखले उभ्या उभ्या मिळाले. सरपंचांनी लिहिलं, सदर गृहस्थ गावात राहतात, तथापि त्यांचा कशाशीही संबंध नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं लिहिलं, यांची पत शून्य आहे. पेपरातला मजकूर नोटिशीवरून छापला होता आणि चौकशी केली असता आमच्या वार्ताहरास यांना नावाने ओळखणारे परिसरात कोणीही आढळले नाही, असं साप्ताहिकाच्या संपादकांनी कळवलं. धनाजीनं उधारीच्या वहीतलं पानच फाडून दिलं, त्यावर गावानं ठेवलेलं नाव होतं, 'ब्लँकेट'. शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढून पाहिलं आणि 'कोणत्याही वर्षी उल्लेखनीय नाही' असं लिहून शिक्का मारला. कुणी आढेवेढे घेतले नाहीत, कुणी पेन शोधत बसलं नाही. एकानं तरी 'असं कसं लिहू, नाथाजी' म्हणावं, असं त्याला प्रत्येक दारात वाटत होतं. अकरा दाखले झाले आणि तो अकराही वेळा 'उपकार झाले' म्हणाला.

बारावा दाखला घरच्यांचा असावा, म्हणून त्यानं कागद शालनपुढं धरला. नवऱ्याला गावात कोणी विचारत नाही, एवढंच लिहायचं होतं. तिनं कागद वाचला, परत दिला आणि मला येळ न्हाई म्हणून शेळीला पाणी पाजायला गेली. दहा मिनिटांचं काम, पण बाईला नवऱ्याच्या पेन्शनची पर्वा नाही, असं त्याला त्या वेळी वाटलं.

साताऱ्यात खर्चाच्या सुनावणीला दीपाली मॅडम बसल्या होत्या. तरुण होत्या, पण चेहरा हिशेबाचा. त्यांनी अकरा कागद एकेक करून वाचले. मुख्याध्यापकांच्या कागदाशी त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी पंचनामा पुढं सरकवला. इथं तुम्ही फ्लेक्स माझा आहे म्हणून सही केली आहे, हे का, असं विचारलं.

नाथाजीनं उत्तर पाठ करून आणलं होतं. दिशाभूल, दबाव, चष्मा नसणे. पण बाई सरळ बघत होत्या, आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"भुललो, मॅडम. येवढं मोठं नाव कुणी कवा लिहिलं नव्हतं माझं. दुसऱ्याचं हाय हे ठाऊक हुतं, पर दोन मिनिटं आपलंच वाटलं. त्या दोन मिनिटांत तुमचं पथक आलं."

मॅडमनी पंचनामा परत ओढून घेतला. मग त्यांनी कारकुनाला सांगितलं, की खर्च वरच्या पानावर घ्या. निकालात मात्र 'सदर उमेदवार पूर्णतः अपरिचित असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले' असं वाक्य होतं. नाथाजीला त्याची साक्षांकित प्रत मिळाली, आणि कारखानदारांना नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी धनाजीनं त्याला बाकावरून उठवलं.

मतदानाच्या दिवशी नाथाजी इस्त्रीचे कपडे घालून, फौजेतलं पदक लावून, सकाळी सातलाच रांगेत उभा राहिला. निदान स्वतःचं मत तरी ताठ मानेनं स्वतःला द्यायचं. यंत्रासमोर गेला, चष्मा घरीच राहिला होता, पण आपलं नाव शोधायला चष्मा कशाला. नाथाजी अर्जुना फडतरे, हे दिसलं. त्यानं छाती काढून बटण दाबलं. शेजारच्या काचेत चिठ्ठी उजळली. तिच्यावर बॅट होती. बॅट कारखानदारांची. सात सेकंद ती चिठ्ठी काचेमागं दिसत राहिली आणि ती सात सेकंद नाथाजी तिच्याकडे बघत उभा राहिला. या चुकीसाठीच त्याला उभा केला होता, आणि ती त्यानं उलट्या बाजूनं करून दाखवली. बाहेर येऊन त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

निकालात कारखानदार एकतीसशे मतांनी पडले. नाथाजीला मिळाली अडतीसशे सात. वीरधवलनं पेढे पाठवले नाहीत, कारखानदारांच्या माणसांनी शिव्या पाठवल्या, आणि गावानं दोन्हींची चर्चा त्याला वगळून केली. नाथाजी मात्र मोबाईलवर आलेली केंद्रवार यादी घेऊन बसला होता. अडतीसशे लोक चुकले, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या गावात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. इथं ब्लँकेट कोण आणि कारखानदार कोण, हे पोराटोरांना ठाऊक. म्हणून तो आपल्या गावचं केंद्र शोधत होता. शाळेची खोली क्रमांक दोन सापडली. त्यानं बोट धरून ओळ नीट वाचली, परत एकदा वाचली, आणि आत आला.

शालन भाकरी थापत होती.

"आपल्या केंद्रावर मला येक मत पडलंय," तो म्हणाला.

तिचा हात परातीतच थांबला. तिनं वर पाहिलं.

"येकच? मग तुमचं कुठं गेलं?"

इतका आनंद नाथाजीला चाळीस फुटांच्या नावानंही झाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. तो चुलीजवळ पाट ओढून बसला.

"मतदान गुप्त आसतंय," तो म्हणाला, आणि मोटरवाल्याचा फोन नंबर कुठं ठेवलाय, असं तिला विचारू लागला.