टवका

"चिकटवायचंच आहे ना? हा तर माझ्या हातचा मळ!" असं मिस्त्री म्हणाले, तेव्हाच खरं तर घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

मिस्त्री म्हणजे खरेखुरे मिस्त्री नव्हेत हं! नोकरी विम्याच्या कचेरीत. पण हाताला क्षणभर चैन नाही. बसल्या बसल्या खुर्चीचा स्क्रू पिळतील, जाता जाता दाराची कडी वाकवतील. बायको एकदा वैतागून 'काय हो मिस्त्री' म्हणाली, तर ह्यांना ती पदवीच वाटली!

त्या दिवशी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात टेबल टेनिसचा अंतिम सामना होता. एका बाजूला मिस्त्रींची बायको, दुसऱ्या बाजूला मिस्त्रींची सख्खी धाकटी बहीण. नणंद विरुद्ध भावजय! गेल्या वर्षी कप नणंदेने नेला आणि घरात अशा जागी ठेवला, की भावजयीने चहाला जाऊन कुठेही बसावं, कप आपला समोरच! वर्षभर तो चहा तिला कडू लागत होता. यंदा काही झालं तरी कप आपल्या घरी आणायचा, असं तिने ठाम ठरवलं होतं.

आणि नेमका त्याच सकाळी तिच्या बॅटच्या रबराचा मुठीजवळचा कोपरा सुटला. नखाएवढाच.

मिस्त्रींना सुट्टी होती, तिला नव्हती. चपला घालता घालता ती म्हणाली, "अहो, एवढा कोपरा चिकटवा. चिकटवा आणि थांबा. कळलं ना? थांबा!"

चिकटवणं झटक्यात झालं. थोडा गोंद, वर जाडजूड शब्दकोश, की झालं काम. पण थांबायचं कसं हे मिस्त्रींना आजवर कोणी शिकवलंच नव्हतं! त्यांनी बॅट उचलली, उलटी केली, सुलटी केली, आणि लाकडाच्या कडेला त्यांना तो दिसला. टवका! वाटाण्याएवढा, काळपट, झिजलेला.

"शी! ही असली बॅट घेऊन माझी बायको चार लोकांत जाणार?"

खिडकीच्या कामातली लाकडात भरायची लांबी उरलीच होती. भरली. वाळवली. पॉलिश पेपरने घासली. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"दादा, काय करतोयस?"

"तुझ्या वहिनीची बॅट दुरुस्त करतोय. आता बघच तू, ओळखूच येणार नाही!"

दुपारी बायको घरी आली. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी बॅट पुढे केली. तिने मूठ धरली मात्र, तिचा चेहराच उतरला.

"अहो, माझा टवका कुठाय?"

"भरला! हात फिरवून बघ, कसा गुळगुळीत झालाय!"

तिने बॅट हातात फिरवून बघितली. "अहो, त्या टवक्यात माझं बोट बसायचं! बोट बसलं की बॅटचं तोंड कुठे आहे ते न बघता कळायचं मला. सहा वर्षं घासून घासून ती जागा झाली होती. आता ही बॅट हातात नुसती फिरतेय, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी!" तिचे डोळे भरून आले. "आणि वन्संना फोनवर सांगितलंत म्हणे, ओळखूच येणार नाही! तिनेच मला कळवलं. बहीण जिंकायला हवी होती तर सरळ सांगायचं ना!"

"अगं, आई शप्पथ, तसं काही नाही! आत्ता काढतो, थांब!"

आता मिस्त्रींची धावपळ सुरू झाली. सुरी लावली, सुरी घसरली. स्क्रू ड्रायव्हर लावला, तो बोटात घुसला. एरवी मिस्त्रींचं कुठलंही काम आठवडाभर टिकायचं नाही. हेच नेमकं टिकलं! घामाघूम होऊन ते म्हणाले, "नवा टवका पाडू! मूळचा कसा पडला होता?"

"टेबलाच्या कडेवर आपटून."

मिस्त्रींनी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बॅट आपटली. खाड्! टवका उडाला. टेबलाचा! बॅट जशीच्या तशी. त्यांनी पुन्हा हात उगारला, आणि नेमकी तेव्हाच बहीण दारात येऊन उभी राहिली. वहिनीला बरोबर घेऊन सभागृहात जायला आली होती बिचारी.

"दादा! माझ्यासाठी वहिनीची बॅट फोडतोयस?" ती अगदी विरघळून म्हणाली.

"ऐकलंत?" बायको कडाडली. "ती स्वतःच म्हणतेय!"

"अगं, नाही..."

पण बहीण जेवढ्या पटकन विरघळली होती तेवढ्याच पटकन तडकली. "म्हणजे मी माझ्या हिमतीवर जिंकू शकत नाही असं वाटतं तुला?"

मिस्त्री दोघींच्या मध्ये पुरते सापडले! शेवटी सगळा प्रकार त्यांनी खरा खरा सांगितला. बहिणीने कपाळावर हात मारला आणि पर्समधून नखं घासायची कानस काढली.

"आण ती बॅट इकडे! टवक्याशिवाय हिला हरवलं तर वर्षभर तेच ऐकवेल मला. दादा, तू हात मागे घे. दोन्ही!"

मिस्त्रींनी हात पाठीमागे बांधले. नणंद घासायला लागली, भावजय बोट टेकवून बघायला लागली.

"आता?"

"अजून थोडं खोल, वन्सं."

"आता?"

"जरा मुठीकडे. हां! बसलं! बसलं बोट!"

सामना शेवटच्या डावापर्यंत ताणला गेला. शेवटी भावजयीचा चेंडू टेबलाच्या कडेला चाटून खाली गेला, आणि कप तिचा झाला! नणंदेने तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "टवका मी घासलाय. अर्धा कप माझा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कप मिस्त्रींच्या घरात, अगदी समोर. बायकोला स्वतःच्या घरचा चहा कधी नव्हे तो गोड लागत होता. तिचं लक्ष टेबलाच्या कडेकडे गेलं.

"अहो मिस्त्री, लांबी उरलीय ना? मग हा टवका भरून टाका की."

मिस्त्री शांत बसले होते. हो, शांत! उजव्या हातात चहा, आणि डाव्या हाताचं बोट टेबलाच्या टवक्यात.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आत्ता कुठे बोट बसायला लागलंय!"