कर्वतकाठी पंख

रेणूने ठरवलं ते अगदी एवढंसं होतं. दुपारी बाबा हातमागावरून जेवायला उठले, की त्यांना मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवायचा, आणि त्यांचं पोट भरलेलं असतानाच मुद्द्याला हात घालायचा. भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही, असं तिचं निरीक्षण होतं. (नागपूरला राहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या मुलीची निरीक्षणं अशीच असतात. सगळ्या जगाला लागू पडतात, फक्त घरच्यांना सोडून.)

व्हिडिओत एक माणूस डोंगराच्या कड्यावर उभा होता. अंगात वटवाघळासारखा सूट. हातांपासून कमरेपर्यंत कापडाचे पडदे, दोन पायांच्या मध्ये आणखी एक. तो पुढे झाला आणि सरळ कड्यावरून खाली गेला. पडता पडता पसरला, आणि मग पडायचं सोडून चक्क उडायला लागला.

शोभाताईंच्या हातातली वरणाची पळी हवेतच थांबली. "अव माय! ढकललं का त्याले कोणी?"

"आई, तो स्वतः उडी मारतो. याला विंगसूट म्हणतात."

"घरी भांडण झालं असन."

मधुकररावांनी चष्मा सारखा केला, मोबाइल नाकापाशी धरला आणि पुन्हा लाव म्हणाले. मग पुन्हा एकदा. रेणू पुढे सरकून बसली. बाबांना आवडलं!

"कापड कोणचं आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कापड, कापड. ज्याच्या भरवशावर हा लटकून राहिला, ते."

"नायलॉनचं असेल. बाबा, तो माणूस वाऱ्यावर उडतोय आणि तुम्ही..."

"नायलॉन," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी भातावर ताक ओतून घेतलं. पवनीत बापजाद्यांपासून कोशाचं रेशीम विणणाऱ्या माणसाने 'नायलॉन' हा शब्द ज्या तोंडाने उच्चारावा, त्याच तोंडाने तो उच्चारला होता.

रेणूने मग एका दमात सांगून टाकलं. तिला हे शिकायचं होतं. एकदम नाही. आधी विमानातून पॅराशूटच्या उड्या, त्यातली पहिली तर प्रशिक्षकाला बांधूनच. मग काही वर्षं सराव, आणि मग कुठे हा सूट. पुढच्या महिन्यात शिबिर होतं आणि तिने तिथे नाव नोंदवलं होतं.

शोभाताईंनी पळी खाली ठेवली. मधुकररावांनी हात धुतले आणि ते मागावर जाऊन बसले. हो नाही, नाही नाही.

आता खरं म्हणजे रेणूला परवानगी कशाला हवी होती? ती सज्ञान होती, कमावती होती, आणि मोठ्यांच्या 'आमच्या वेळी'ला ती दोन वाक्यांत आडवं करत असे. अडचण एकच होती. त्या घरातून बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबायचं, मधुकरराव 'जाऊन ये' म्हणणार, मग पाऊल टाकायचं, अशी रीत होती. बाजारात जायचं असो की परीक्षेला. रेणू हे मानत नव्हती. फक्त पाळत होती. आणि ते दोन शब्द ऐकल्याशिवाय विमानातून उडी मारायची, या कल्पनेने तिला जी भीती वाटे, ती उंचीची नाही एवढं तिला फिजिक्सशिवायही कळत होतं.

बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. शेजारच्या भैय्याजींनी म्हशींना चारा टाकता टाकता निकाल दिला. "भंडारा जिल्हा फुटला तवापासून काही खरं नाही. आधी गोंदिया गेलं, आता पोरी आकाशात चालल्या."

"भैय्याजी, तुम्ही हेल्मेट न घालता भंडाऱ्यापर्यंत मोटरसायकल नेता. त्यात जास्त धोका आहे."

"मी काय हौसेने जातो का? कामाले जातो."

मासोळ्या विकायला आलेल्या जमुनाबाईने टोपलं खाली ठेवून मान डोलावली. तिचा नवरा गोपीचंद वैनगंगेच्या पुरातही मासे धरायला डोंगा घालायचा. रेणूने तोच मुद्दा पकडला. "मग गोपीचंदकाकांना कसं कोणी अडवत नाही?"

"पोटासाठी मेला तं लोकं बिचारा म्हणतेत, बाई," जमुनाबाई शांतपणे म्हणाली. "हौसेसाठी मेला तं येडा म्हणतेत. मराचंच आहे, तं नाव काहून खराब कराचं?"

यावर रेणूकडे उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं.

इकडे मधुकररावांनी मागाच्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आतून धोट्याची खटखट अखंड चाले. जेवायला उठले, की रेणूकडे असे बघत, जणू ती मुलगी नसून मीटरवर विकायची काही वस्तू आहे. मग एका दुपारी शोभाताई टेप घेऊन आल्या.

"हात आडवा कर."

"कशाला?"

"ब्लाऊज शिवाचा आहे." आणि त्यांनी मनगटापासून कमरेपर्यंत माप घेतलं.

"ब्लाऊजला हे कसलं माप?"

"नवी फॅशन आहे. पाय फाकव जरा."

"ब्लाऊजसाठी?"

"लय प्रश्न विचारते बाप्पा ही पोरगी!" म्हणत शोभाताईंनी टेप गुंडाळला आणि त्या पसार झाल्या.

रेणूने मागाच्या खोलीच्या दाराला डोळा लावला, आणि तिला सगळं समजलं. (म्हणजे तिला तसं वाटलं.) मागावर कोसा होता, आणि त्याला लालभडक कर्वतकाठ, करवतीच्या दातांसारखा. घरच्यासाठी कर्वतकाठी साडी मागावर चढली, की घरात लग्न आहे असं समजायचं, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे असा डाव होता तर! मुलगी हवेत उडायच्या आत तिला बोहल्यावर बांधून टाकायचं!

संध्याकाळी ती बापासमोर उभी राहिली. चिडली की तिची पुस्तकी भाषा गळून पडत असे.

"बाबा, काय चालू आहे ते समजलं मले."

मधुकरराव दचकले. "कोणं सांगतलं? तुह्या आईनं?"

"मी पाहिलं. मले इचारलं का कोणी? मले नाही पाहिजे!"

"अव, पण एकदा पाहून तं घे. इतक्या जिवापाड..."

"पाहणारबी नाही!"

"येवढं मजबूत आहे. वजनाले हलकं. रंगानं उजळ."

"उजळ असो का काळं, मी हात लावणार नाही!"

मधुकररावांचा चेहरा असा पडला, की रेणूला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने ते वाईट वाटणं झटकून टाकलं. या पिढीशी असंच वागावं लागतं.

रविवारी सकाळी ती केस धूत होती, तेवढ्यात मागच्या अंगणातून भैय्याजींची आरोळी आली. "अजी मधुकरराव! माह्या तणसीवर डोळा आहे का तुमचा?"

त्यांच्या घराची पुढची बाजू कवेलूची होती आणि मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब होता. स्लॅबवर जायला जिना बांधायचा राहून गेला होता. बांबूची शिडी होती, आणि वड्या वाळवायला शोभाताईच तेवढ्या तिच्यावरून चढायच्या. स्लॅबच्या मागे, कुंपणाला लागून, भैय्याजींनी म्हशींसाठी धानाच्या तणसीचा भलामोठा ढीग रचला होता, जवळजवळ स्लॅबला टेकेल एवढा.

ओल्या केसांनीच रेणू धावली आणि जागच्या जागी थिजली.

स्लॅबच्या काठावर तिचे वडील उभे होते. हातांपासून कमरेपर्यंत कोशाचे पंख, दोन पायांच्या मध्ये तिसरा पडदा, आणि तिन्हींच्या कडांना लालभडक कर्वतकाठ. सकाळच्या उन्हात ते सोनेरी कापड असं झळकत होतं, की एखादा देव लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. फक्त देवाने आत बनियन घातलं होतं.

"आई! हे काय आहे?"

"तुहा सूट," शोभाताई खालून म्हणाल्या. त्यांच्या बोटावर अजून शिलाईची सुई टोचल्याची खूण होती. "तू म्हणे पाहणारबी नाही. मंग हे म्हणे, मीच घालून पाहतो. मी नाही म्हणून राहिली होती बाप्पा."

आता कुठे रेणूच्या डोक्यात प्रकाश पडला. मनगटापासून कमरेपर्यंत. पाय फाकव. हलकं. मजबूत. रंगानं उजळ.

"बाबा, खाली या आधी!"

"येता येत नाही," मधुकरराव म्हणाले. "पाय जुळवले आहेत तुह्या आईनं. शिडी चढून आलो अन् मंग घातला. आता शिडीवर पाय कसा टाकू?"

"मग काढा!"

"चेन पाठीमागं आहे. तुही आई लावून खाली उतरली."

"घातलाच कशाला पण?"

"अव, पहिलं नेसण घरचं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "नवा वाण मागावरून उतरला, का आधी घरच्यानं अंगाले लावाचा, मंग दुसऱ्याले द्याचा. माह्या बापानं लुगडं विणलं तं आधी माह्या मायनं नेसलं. हे कापड तं तुह्या जिवाले लागणार आहे. असंच देऊन देऊ?"

रेणूचा संताप मस्तकात गेला. गुरुत्वाकर्षण, वेग, हवेचा दाब, सगळं एकदम तोंडाशी आलं. ते सगळं वर जाऊनच ऐकवायचं म्हणून ती ताडताड शिडी चढली. कुठल्या पायरीवर पाय पडतोय, खाली किती अंतर राहिलं, कशाचं तिला भान नव्हतं. स्लॅबवर पोहोचून तिने तोंड उघडलं, आणि जवळून तिला पंखाची शिवण दिसली. दुहेरी. टाक्याला टाका लागून. रात्रंदिवस खपल्याशिवाय अशी शिवण होत नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध हळू झाला, "तिथे त्यांचंच सामान असतं. तपासलेलं. हा सूट ते घालू देणार नाहीत."

"नाही घालू देत?"

"नाही."

मधुकररावांनी आपल्याच पंखांकडे पाहिलं. "मले का माहीत," ते म्हणाले. "नाही म्हटलं असतं तं तू गेलीच असती, अन् मनात काटा घेऊन गेली असती. हो म्हणाची हिंमत होत नव्हती. मंग म्हटलं, आपल्याले जे येते ते तं करू. वर तुह्या संगं कोणी नसन. माह्या हातचं कापड असलं, तं मले झोप लागन."

"आणि काठ कशाला घातला?"

"काठाबिगर कापड उतरवाले हात धजत नाही, व."

रेणूला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही दिसू नये म्हणून तिने नाक ओढलं. "काठाचा एक तुकडा द्या कापून," ती म्हणाली. "खिशात ठेवीन. तो कोणी तपासत नाही."

मधुकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी आशीर्वादाला उजवा हात उचलला. हाताबरोबर पंखही उचलला गेला.

"जाऊन ये, पोरी," ते म्हणाले.

त्याच वेळी नदीकडून वाऱ्याचा एक झोत आला, आणि ते स्वतःच गेले.

"बाबा!"

शोभाताई किंचाळल्या. भैय्याजीही किंचाळले. (ते तणसीसाठी.) क्षणभर कोशाचा सोनेरी तंबू हवेत फुगलेला दिसला. उडणं त्याला म्हणता येणार नाही, पण नुसतं पडणंही ते नव्हतं. मग फस्स करून ढिगाच्या पोटात सगळं गडप झालं.

खालचे सगळे कुंपणाकडे धावले. मग तणीस हलली, आणि तिच्यातून आधी चष्मा नसलेलं डोकं आणि मग लाल काठाचा एक पंख वर आला.

"शिवण तुटली नाही!" मधुकरराव ओरडले.

शोभाताईंनी त्यांच्या डोक्यातली तणीस वेचायला घेतली. काडी वेचायच्या आणि हलकेच एक टपली मारायच्या, पुन्हा काडी, पुन्हा टपली. रडत होत्या की हसत होत्या, ते त्यांनाही ठाऊक नसावं. कुंपणापाशी जमलेल्या माणसांत जमुनाबाई होती. ती म्हणाली, "पोरीसाठी उडाला तं याले काय म्हणाचं व? बिचारा का येडा?"

"दोन्ही," शोभाताई म्हणाल्या.

"चाल पोरी, उतर आता," मधुकररावांनी वर हाक मारली. "भुका लागल्या."

रेणू शिडीपाशी आली. शिडीचा वरचा दांडा तिने धरला आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली पाहिलं.

शिडी लांब झाली होती. अंगणातली तुळस बोटाएवढी दिसत होती. रेणू दांडा न सोडता तिथेच मटकन खाली बसली.

"काय झालं?"

"काही नाही. इथे हवा छान आहे."

"उतर ना मंग."

"उतरते ना. घाई काय आहे?"

सगळे मिळून समजावू लागले. शोभाताई म्हणाल्या, पाठमोरी ये. भैय्याजी म्हणाले, डोळे मीट. जमुनाबाई म्हणाली, डोळे मिटू नको. मधुकररावांनी तर अंगातला सूट तसाच ठेवून, दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत शिडी गाठली आणि दोन्ही पंख पसरले. "मी आहो ना खाली! ये!"

रेणूने एक पाय पायरीवर ठेवला. पायरी करकरली. तिने तो परत घेतला.

"आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझं ताट वरच पाठव."

भैय्याजींनी कमरेवर हात ठेवले. "अजी मधुकरराव, पुढच्या महिन्यात इमानातून उडी मारणारी ते पोरगी हेच का?"

"हेच," मधुकरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "हसता काहून? इमानातून उतराले शिडी कोठं लागते?"