तिसरी हाक

हाक कुणीही मारावी, कुणालाही मारावी. ओ बापू उरकुडे देणार.

ऊर्जानगरच्या आमच्या वीज केंद्राच्या कँटीनमध्ये कुणी "ए गणेश!" असे ओरडले, की गणेशच्या ओठांवर शब्द यायच्या आत कोपऱ्यातल्या बाकावरून "ओऽ!" उमटते. फाटकाबाहेर एखादी शेळी आपल्या करडाला बोलावते. तिलाही ओ मिळते. एकदा सुरक्षेच्या प्रशिक्षणात साहेबांनी हजेरी घेतली, तर बापूंनी प्रत्येक नावाला ओ दिली आणि गैरहजर असलेली तीन माणसे कागदोपत्री प्रशिक्षित झाली. त्यांतले एक तर केव्हाचे निवृत्त होऊन गावी शेती करीत होते.

"उरकुडे, ही सगळी तुमची नावं आहेत का?" साहेब कडाडले.

"नाई ना, साहेब. पन हाक रिकामी जाऊ द्याची काय?"

हाक रिकामी जाऊ द्यायची नाही, हे बापूंचे पालुपद. आमच्या मुलखाच्या शिकवणीच्या ते अगदी उलटे. मी गोंडपिपरीची. आमच्याकडे मूल चालू लागले की त्याला दोन गोष्टी सांगतात: रानात जनावराचे नाव घेऊ नये, आणि पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये. दोन हाका तर भूतही मारते, अगदी आपल्या माणसाच्या आवाजात. माणूस असेल तर तो तिसरी मारीलच. बापू गडचिरोलीकडचे, रानाला लागून असलेल्या गावचे. त्यांना हे ठाऊक नसणे शक्य नव्हते. एकदा मी विचारलेही. बापूंनी चहाच्या पेल्यात पाहिले आणि म्हणाले, "मालूम हाय, मॅडम. सारं मालूम हाय." तेवढ्यात पलीकडे कुणी "सुरेखाबाई!" म्हणाले, आणि बापूंनी ओ दिली.

असा हा सर्वस्वी कानाचा माणूस. आमच्या केंद्रातली कोळशाची राख पाण्यात कालवून लांबलचक नळांतून बंधाऱ्याकडे जाते. नळ नेमका कुठे तुंबला, हे यंत्रांच्या आधी बापूंना कळते. ते पान्याने नळावर टकटक करतात, गाल लावतात, डोळे मिटतात. "इथी घसा बसला याचा," म्हणतात, आणि तिथेच राख निघते. मी तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत. बापूंच्या कानावर मी एक निबंध लिहिला आणि त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात आम्हा दोघांना राखेवरच्या एका परिषदेसाठी पोलंडमधल्या क्राकूव शहरी जाण्याचे बोलावणे आले.

प्रवासातच माझी परीक्षा सुरू झाली. विमानतळावर कुणा हरवलेल्या प्रवाशाला ध्वनिक्षेपकावरून बोलावीत होते. बापू पिशवी घेऊन उठले. "किती वेळची पुकारून राह्यली बिचारी. मी जाऊन येऊ काय?" मी त्यांचा सदरा धरून ठेवला. परिषदेत मात्र त्यांच्या ओचे सोने झाले. वक्त्याचे नाव पुकारले की बापू "ओ!" म्हणत, आणि परदेशी मंडळींना वाटे, या गृहस्थांना प्रत्येक गोष्टीचा केवढा अचंबा! एका पांढऱ्या मिश्यांच्या इंजिनिअरने मला बाजूला घेऊन सांगितले, की इतका मनःपूर्वक श्रोता त्यांना जन्मात भेटला नव्हता.

शहर मात्र मला पहिल्यापासून भिववीत होते. धुके असे, की माणसे आधी ऐकू येत आणि मग दिसत; काही तर नुसतीच ऐकू येत, दिसत नसत. ओल्या दगडांवरून घोडागाडीच्या टापा जवळ येत, अगदी अंगावर येत, आणि गाडी न दिसताच दूर जात. त्या धुक्याला कोळशाच्या धुराचा वास होता. इतक्या परक्या मुलखात आपल्या घरामागचा वास यावा, याने धीर यायला हवा होता. पण मला वाटले, कुणीतरी आपला माग काढीत इथवर आले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्ही मोठ्या चौकात उभे होतो. चर्चच्या उंच मनोऱ्यातून तुतारी वाजू लागली. सूर उजळ होता, चढत चढत गेला, आणि मधेच कापल्यासारखा तुटला. पुन्हा दुसऱ्या दिशेने वाजला, त्याच जागी तुटला. चारही दिशांना तसेच. शेजारच्या वाटाड्याने सांगितले: फार पूर्वी शत्रूची चाहूल लागून पहारेकरी शहराला तुतारीने हाक देत होता म्हणे, तोच बाण त्याच्या गळ्यात शिरला. तेव्हापासून ती हाक दर तासाला तेवढीच वाजवतात.

मी ते मराठीत सांगितले. बापूंचा चेहरा राखेसारखा झाला. इतकी मोठी हाक, आणि बापूंनी ओ दिली नव्हती.

"अर्धीच," ते म्हणाले. "अर्धीच राह्यली."

शेवटच्या दिवशी सत्र आटोपून आम्ही पुन्हा त्या चौकात आलो, तेव्हा पाच वाजत आले होते. सूर्य केव्हाच मावळलेला. दिव्यांचे खांब धुक्यात विरघळले होते आणि नुसते पिवळे गोळे अधांतरी लोंबत होते. एका गाडीवर तीळ लावलेली पावाची मोठी कडी विकत होते. दोन घेतली, वळले, तर बापू नव्हते.

"बापू!"

ओ आली नाही.

शेळीला ओ देणारा माणूस. या शहरात त्यांना रस्ता ठाऊक नव्हता, भाषा ठाऊक नव्हती. त्यांचा मोबाइल माझ्या पिशवीत होता.

"बापूऽ!"

धुक्याने हाक मधेच गिळली. कुठे टाप नाही, पाऊल नाही. तिसरी हाक मारायला मी धजेना. तिलाही ओ मिळाली नाही, तर पुढे काय करायचे हे आम्हाला कुणी शिकवलेलेच नव्हते. मी डोळे मिटले आणि सारा श्वास ओतून हाक मारली.

"बापूऽऽ!"

"ओ."

अगदी जवळून. पाच पावलांवरून. पण तो आवाज बापूंचा नव्हता. एखाद्या लहान मुलाचा वाटला.

ते भिंतीला पाठ चिकटवून उभे होते. हातात मफलर घट्ट पिळलेला.

"इतक्या जवळ होतात, बापू! मग ओ का नाही दिलीत?"

हातातल्या मफलरशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, "मी नऊ वर्साचा होतो, मॅडम. मोहफुलं येचाले गेलो, मी अन् माही बाई. मोठी बहीन. झाडाखालचा पाला जाळला होता, धूर असाच भरला होता. असाच वास. ती नाल्याच्या तिकडं. 'बापू' म्हनली. मी गप. आजीनं शिकवलं होतं ना! मंग दुसरी आली. 'बा'... एवढीच."

त्यांनी जनावराचे नाव घेतले नाही. मीही विचारले नाही.

"मी झाडाले चिकटून तिसरीची वाट पाहून राह्यलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत. मानूस असंल तं मारतेच ना तिसरी." त्यांनी मफलर सोडला, तो सुरकुतलेलाच राहिला. "आता धुक्यात बाईमानसाचा आवाज आला, बापू म्हनून. ओ निंगेचना तोंडातून. पाय हालेना."

"आणि मग?"

बापूंनी माझ्याकडे पाहिले. गालांवरून दव उतरावे तसे पाणी उतरत होते, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

"तिसरी आली," ते म्हणाले.

मी पावाचे कडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते फिरवून पाहिले, एक तुकडा मोडला. "तीळ हाय याच्यावर," म्हणाले, आणि भूक लागलेल्या पोरासारखे खाऊ लागले.

वर, न दिसणाऱ्या मनोऱ्यात पाच वाजले. तुतारी चढत गेली आणि नेहमीच्या जागी तुटली. मी बापूंकडे पाहिले. ते शांतपणे चावत होते. तुटलेली हाक आमच्या डोक्यांवरून धुक्यात पुढे चालली होती, एकटीच.

मला राहवेना. मी हळूच ओ दिली.