दोरी हद्दपार

आमच्या कारकुनाने भाड्याचं नवं घर पसंत केलं ते खोल्या बघून नाही, तर स्वयंपाकघरालगतच्या कोनाड्यातली दोन मशीन बघून. एक कपडे धुणारं, दुसरं वाळवणारं. घरमालक बिचारा नळ आणि खिडक्या दाखवत होता. हा पठ्ठ्या मात्र ड्रायरच्या गोल काचेत स्वतःचंच तोंड बघून हसत होता.

याला कारण सासरेबुवा. जुन्या घरात कपड्यांची दोरी भर बैठकीतून जायची. मागच्या खेपेला तिच्यावरच्या ओल्या पँटचं पाणी नेमकं सासऱ्यांच्या चहात ठिबकलं, आणि सासऱ्यांनी ती हकिगत तिखटमीठ लावून साऱ्या गोतावळ्यात सांगितली. आता ते नवं घर बघायला येणार होते. या वेळी त्यांची बोलती बंद करायचीच, असं त्याने ठरवलं. सकाळीच जुनी दोरी कचऱ्याच्या गाडीत टाकली (मागे वळूनही पाहिलं नाही) आणि घरातला कपडा न् कपडा धुवायला काढला. पडदे, चादरी, शेवटी अंगावरचा सदरा आणि लेंगासुद्धा.

धुलाई झाली. सगळा ढीग तो एकदमच ड्रायरमध्ये कोंबू लागला.

"अहो, थोडे थोडे घाला," बायको म्हणाली.

"अगं, हे मशीन आहे, तुझी बादली नाही!" असं म्हणून त्याने गुडघा लावून दार बंद केलं.

तेवढ्यात बेल वाजली. सासरे तासभर आधीच हजर! हा टॉवेलवर.

"आंघोळ चाललीय वाटतं, जावईबापू?"

"छे हो बाबा, कपडे वाळताहेत."

"कुठे? एकही दिसत नाही."

याच प्रश्नासाठी तर त्याने हे घर घेतलं होतं! उघडी छाती फुगवून त्याने सासऱ्यांना ड्रायरसमोर खुर्ची दिली. "बघत राहा बाबा. इथून निघाले की थेट कपाटात."

दोघे बघत राहिले. मशीन थांबलं. त्याने ऐटीत दार उघडलं, तर तोंडावर वाफ आली आणि पडदे, चादरी, सदरे यांचा एकच ओला गोळा हातात आला.

सासऱ्यांनी एक बाही चिमटीत धरून पाहिली. "शेकले छान गेलेत. आता वाळत कुठे घालता?"

"दोरी टाकली यांनी सकाळीच," बायकोने सांगून टाकलं.

"असू दे. नव्या घराला भेट म्हणून मी आणलीच आहे," सासरे म्हणाले आणि पिशवीतून जाडजूड नायलॉनची दोरी काढली.

थोड्याच वेळात बैठक पुन्हा पूर्वीसारखी दिसू लागली. सासऱ्यांनी पिशवीतला स्वतःचा जादाचा पायजमा जावयाला दिला. त्यात दोन जावई मावले असते, म्हणून उरलेल्या दोरीचा तुकडा त्याच्या कमरेला बांधावा लागला. मग चहाच्या कपावर बशी झाकून सासऱ्यांनी आपल्या मेव्हण्याला फोन लावला.

"अरे, जावयाने घर फर्स्टक्लास घेतलंय! खरंच अभिमान वाटला मला."

कारकुनाची छाती पुन्हा फुगली. पायजमा घसरला, तोही त्याने तसाच एका हाताने धरला.

"नाही नाही, मशीनचं सोड," सासरे फोनवर सांगत होते. "दोरी बांधायला केवढी जागा आहे रे!"