मधुकाकांचा प्लाझ्मा

आमच्या आळीत कुणाकडे नवीन टीव्ही आला, की एक माणूस न बोलावता हजर होतो. मधुकाका. ते चित्राकडे बघतच नाहीत. टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालतात आणि तापकरी पोराचं कपाळ बघावं तशी त्याची पाठ चाचपतात. मग काका हात बाहेर काढून निकाल देतात, "थंड हाय. जीव न्हाय ह्यात."

"अहो काका, हल्लीचे टीव्ही तापत नाहीत."

"मी तरी दुसरं काय सांगतोय?"

पुढची परीक्षा काळ्या रंगाची. "लाल-हिरवा कोनपन दाखवील. काळा दाखव म्हणावं." कुठल्याशा मालिकेत रात्र होईपर्यंत ते हलत नाहीत, आणि झाली की नाक मुरडतात. "ही रात्र हाय? ही तर ढगाळ दुपार."

त्यांच्या घरच्या टीव्हीवर मात्र रात्र झाली की माणूस ठेचकाळेल इतका अंधार पडतो. तो प्लाझ्मा टीव्ही आहे, एलईडीच्या आधीचा. पन्नास इंची. काका न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर उतरवण्याच्या कामावर होते. रिटायर होऊन दिवेआगरला परत आले त्या दिवसाची गोष्ट आळीत अजून सांगतात. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी काकू बसल्या होत्या, आणि मागे सामानात, टीव्हीच्या खोक्याला मिठी मारून काका.

चौघांनी तो पडवीत आणला. भिंतीवर टांगला, तर गिलाव्यासकट खाली यायला निघाला. शेवटी सुतारानं त्याच्यासाठी फणसाच्या लाकडाचं टेबल केलं. काकू म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या टीव्हीत आपण दोघं काय बघणार?" ते ऐकून काका उठले आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तसे घरोघर सांगून आले.

काय दिवस होते ते! मॅच असली की पडवी भरून माणसं अंगणात उभी राहायची. टीव्ही शेगडीसारखा तापायचा, त्यामुळे थंडीत पहिल्या रांगेसाठी बायकांची भांडणं, आणि मे महिन्यात तीच रांग ओस. काकू टोपभर चहा करायच्या. आळीत नवी नवरी आली की आधी देवदर्शन आणि मग मधुकाकांचा प्लाझ्मा, असा क्रमच ठरून गेला होता. मीही त्याच क्रमानं ह्या गावची झाले.

काकू गेल्या तरी पडवी भरतच राहिली. चहा काका करू लागले. तो कुणाला आवडत नसे, पण सगळे प्यायचे.

मग चक्रीवादळ आलं. कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. वारा पडल्यावर आम्ही काकांना बघायला धावलो, तर घरातल्या सगळ्या गोधड्या टीव्हीला गुंडाळलेल्या आणि काका स्वतः गोणपाट पांघरून कुडकुडतायत. कितीतरी दिवसांनी वीज आली. काकांनी बटण दाबलं, चित्र आलं, आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या आमच्या आळीनं टाळ्या वाजवल्या.

पडवी तशी भरलेली मी त्यानंतर पाहिली नाही. घरं पुन्हा उभी राहिली तसा घरोघरी टीव्ही आला. आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तर लोक समुद्राच्या आधी टीव्हीची चौकशी करायचे. कुणी म्हसळ्याच्या बाजारात टीव्ही घ्यायला निघालं की काका गाडीत बसलेलेच. दुकानात गेल्या गेल्या म्हणायचे, "दिवे घालवा. काळा बघायचाय." दुकानदारानं एकदा घालवले, तर वीज गेली समजून बाहेरची गिऱ्हाइकं निघून गेली. तेव्हापासून काका दिसले की तो म्हणतो, "काका, समोरच्या टपरीत तुमच्यासाठी चहा सांगितलाय." वाटेत काका एकच सल्ला द्यायचे, "घेऊ नको. माझा हाय की." आम्ही म्हणायचो, काय हा गर्व!

माणसं टीव्ही घेत गेली आणि काकांकडे फक्त आमच्या सासूबाई उरल्या. रोज संध्याकाळी काठी टेकत जायच्या, आपली मालिका बघून यायच्या. ह्या वर्षी न्हाणीत घसरल्या. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या कॉटवरच राहिल्या. घरी टीव्ही घेणं भाग होतं. पाहुण्यांच्या खोल्यांतले होते, पण त्या रिकाम्या कधी असतात?

काकांना सांगायला गेले तेव्हा ते सुपारी सोलत होते. त्यांचं शेवटचं माणूस मी काढून घेत होते.

"काका, सासूबाईंना आता तुमच्याकडे यायला जमायचं नाही. टीव्ही घेतोय."

त्यांचा हात थांबला. त्यांचं भाषण ऐकायच्या तयारीनंच मी उभी होते.

"घ्यायलाच पायजे," ते म्हणाले. "मी येतो म्हसळ्याला."

दुकानात त्यांनी दिवे घालवायला सांगितले नाहीत. सरळ जमिनीवर डाव्या कुशीवर आडवे झाले. काकांना काही झालं की काय म्हणून दुकानदार पाणी घेऊन धावला.

"मला काय झालं न्हाय. वयनी, हिच्या सासूबाई, ह्याच कुशीवर निजतात. त्यांना कसं दिसंल ते बघतोय." आणि दुकानातल्या प्रत्येक टीव्हीसमोर आडवं होऊन त्यांनी एक निवडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिकेच्या वेळेला दारात चपला वाजल्या. "येऊ का गं सूनबाई?" काकांनी विचारलं. त्यांच्या पडवीत जाताना आम्हाला कधी असं विचारावं लागलं नव्हतं.

ते सासूबाईंच्या कॉटशी टेकून खाली बसले. थोड्या वेळानं विचारू लागले, "हा कोण? ती का रडतेय? ही कोनाची सून?"

सासूबाई वैतागल्या. "मधू, इतकी वर्षं तुझ्याच घरात बघितली ना रे ही शिरियल? तुला एवढंपण ठाव न्हाय?"

काका ओशाळं हसले.

"मी कुठं टीव्ही बघत व्हतो, वयनी? मी टीव्हीकडं पाठ करून बसायचो. तुमाला सगळ्यांना बघत."