साहेबांचं म्हणणं असं आहे की…

"साहेब, वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. उद्या रजा हवी होती," सायलेन्सर फोनवर म्हणाला आणि शेजारीच बसलेले वडील दचकले.

"कुणाला न्यायचंय? मला?"

सायलेन्सरने घाईघाईने फोनवर हात दाबला. "बाबा, हळू बोला."

"माझे डोळे गेलेत रे बाळा, कान शाबूत आहेत. खोटं बोलतोयस तू. तेही माझ्या डोळ्यांच्या नावावर!"

आता साहेब खोदून खोदून विचारणार, या भीतीने सायलेन्सरच्या कपाळावर घाम आला. पण फोनमधून भलतंच ऐकू आलं.

"जा, जा! अगदी निवांत जा. वडिलांपेक्षा मोठं काय आहे जगात? संध्याकाळपर्यंत ऑफिसकडे फिरकूच नकोस."

फोन बंद झाला. सायलेन्सर त्याच्याकडे बघतच राहिला. सख्ख्या मामाच्या अंत्ययात्रेसाठी रजा मागितली, तेव्हा "तिथे तुझं काय काम?" असं विचारणारे हेच ते साहेब!

वजनकाटे बनवणारी ती कंपनी. तिच्या निर्यात विभागात साहेब आणि सायलेन्सर या दोघांना खऱ्या नावाने कुणीच ओळखत नसे. साहेबांचा साधा "चहा आण" मागच्या गेटवरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू जाई, म्हणून ते भोंगा साहेब. आणि त्यांच्या हाताखालचा हा गृहस्थ दिवसाकाठी "हो साहेब" यापलीकडे फारसं बोलत नसे, म्हणून तो सायलेन्सर. विभाग मात्र चालायचा सायलेन्सरच्या बोटांवर. परदेशातल्या गिऱ्हाइकाचा मेल आला, की साहेब खुर्चीत रेलून ओरडत, "लिही त्याला, साहेबांना हे मंजूर नाही!" मग सायलेन्सर इंग्रजीत लिही, की साहेबांचं म्हणणं असं आहे की, आपली अडचण त्यांना मनापासून समजते, परंतु… साहेब संगणकाच्या पडद्याकडे बघून मान डोलवत आणि मेल जाई. त्यामुळे समुद्रापलीकडे साहेबांची ख्याती अत्यंत मृदू, समंजस सद्गृहस्थ म्हणून पसरली होती.

सगळं सुखात चाललं असताना कंपनीचे मालक बदलले. नव्या मालकांनी फर्मान काढलं: परदेशी व्यवहार बघणाऱ्या प्रत्येकाने व्यावसायिक इंग्रजीची परीक्षा द्यायची. जो पास होणार नाही, त्याने परदेशी मेलला हात लावायचा नाही आणि बंदराजवळच्या गोदामावर रुजू व्हायचं. गोदामाभोवती कंटेनरांच्या भिंती आणि खारा वारा, बाकी काही नाही.

सायलेन्सर कुठेही राहिला असता. प्रश्न वडिलांचा होता. त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळत होता, पण या घराचा जिना, दाराबाहेरचा कठडा, कोपऱ्यावरचं बाक, सगळं त्यांच्या हातापायांना पाठ होतं. देवाचं गाणं गुणगुणत ते रोज सकाळी एकटे बाकापर्यंत जात आणि एकटे परत येत. नव्या जागी नेलं, तर हा माणूस त्याच दिवशी खऱ्या अर्थाने आंधळा होणार होता.

"अहो, मग साहेबांना खरं काय ते सांगायचं होतं, की परीक्षेला बसतोय म्हणून," बायको म्हणाली.

"कसं सांगू? भर विभागात गरजले ते, 'माझ्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला परीक्षेची गरज नाही! जो बसेल, त्याचा माझ्यावर विश्वास नाही असं मी समजेन!'"

"आणि त्यांचं स्वतःचं काय?"

"त्यांना कशाला परीक्षा? साहेब आहेत ते."

दुसऱ्या दिवशी शर्टाला कडक इस्त्री करून सायलेन्सर परीक्षा केंद्रावर पोहोचला. जिना चढून प्रतीक्षेच्या खोलीचं दार ढकललं आणि तो जागच्या जागी थिजला. कोपऱ्यातल्या खुर्चीत, तोंडासमोर मासिक धरून एक मनुष्य बसला होता. मासिक उलटं होतं. मासिकाखालचं पोट मात्र ओळखीचं होतं.

"साहेब?"

मासिक खाली पडलं. भोंगा साहेबांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा पडला.

"तू? तू दवाखान्यात आहेस ना?"

"हो साहेब. म्हणजे… आणि आपण? आज आपण हेड ऑफिसला जाणार होता ना?"

"तिथेच चाललोय!" साहेब खेकसले, पण आयुष्यात पहिल्यांदाच दबक्या आवाजात. "वाटेत जरा… देखरेख करायला थांबलो. इथली व्यवस्था कशी आहे, आपले लोक—"

तेवढ्यात शिपायाने येऊन साहेबांच्या खिशाला उमेदवाराचा बिल्ला लावला आणि पाण्याचा पेला पुढे केला. "घाबरू नका काका, सगळेच घाबरतात."

साहेबांनी पाणी एका घोटात संपवलं. मग इकडे तिकडे बघून ते सायलेन्सरच्या कानाशी आले. "वडिलांना सांभाळ."

"हो साहेब. आपणही हेड ऑफिसला सांभाळून जा."

असा बिनबोभाट तह झाला. तह टिकलाही असता; पण दैवाच्या मनात काही वेगळंच होतं. ही परीक्षा तोंडी होती आणि जोडीने द्यायची होती. दोन उमेदवारांनी समोरासमोर बसून एका प्रश्नावर चर्चा करायची, आणि परीक्षकांनी ती ऐकून गुण द्यायचे. जोड्या लावल्या होत्या त्या आलेल्या क्रमाने. साहेब सर्वांत आधी येऊन लपून बसले होते आणि त्यांच्यामागून आला होता सायलेन्सर!

परीक्षक बाई हसतमुख होत्या. त्यांनी दोघांपुढे एक कार्ड ठेवलं. कंपनीला आपला एक अधिकारी दूरच्या शाखेत पाठवायचा आहे. तुम्हा दोघांपैकी कोणी जावं, ते चर्चा करून ठरवा.

दोघांनी कार्ड वाचलं. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच गोदाम उभं राहिलं.

"करा सुरुवात," बाई म्हणाल्या.

सायलेन्सर साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. साहेबांच्या आधी बोलायचं नाही, ही निर्यात विभागाची रीत. ती त्याच्या हाडीमाशी खिळली होती. आणि साहेब? साहेबांची जीभ टाळ्याला चिकटली होती. इंग्रजी ओरडायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. ते बोलायचं कसं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कुणीतरी बोला!" बाई आता घड्याळाकडे बघू लागल्या.

सायलेन्सरला वडिलांचा कठड्यावरून सरकणारा हात दिसला. त्याचा धीर सुटला, आणि रोजच्या सवयीने त्याने तोंड उघडलं. सगळं अर्थात इंग्रजीत. आपण आपल्या भाषेत ऐकू.

"साहेबांचं म्हणणं असं आहे की, हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे."

साहेबांनी मान डोलवली.

"साहेबांचं म्हणणं असं आहे की, निर्णय घेताना प्रत्येकाच्या घरच्या अडचणींचा सहानुभूतीने विचार व्हावा."

साहेबांनी पुन्हा मान डोलवली. बाई थक्क होऊन एकदा या तोंडाकडे आणि एकदा त्या मानेकडे बघू लागल्या. सायलेन्सरची गाडी मात्र रुळाला लागली. भाषा कशी ओघवती, शब्द कसे नेमके! ओघात पुढचं वाक्यही आलं. त्यात कपट काहीच नव्हतं. मेलमधले साहेब होतेच तसे मोठ्या मनाचे.

"आणि म्हणून साहेबांचं म्हणणं असं आहे की, वरिष्ठ या नात्याने त्या शाखेत ते स्वतःच जातील."

साहेबांनी मान डोलवली. अर्ध्यात ती थांबली. डोळे हळूहळू मोठे झाले.

"नो!"

बाईंच्या हातातलं पेन उडालं. बाहेर शिपाई दाराशी धावत आला.

"मी नाही जाणार!" साहेब टेबलावर मूठ आपटून इंग्रजीत गरजले. "मला तिथे करमत नाही! खारा वारा मला सोसत नाही! हे मी बोललो नाही! हा बोलला! मी इथेच राहणार!"

"वेळ संपली," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

निकाल आला तो सगळ्या विभागासमोर, हेड ऑफिसच्या मेलमधून. भोंगा साहेब पास झाले होते. सायलेन्सर नापास. खाली बाईंचा शेरा होता. साहेबांबद्दल: बोलणं थोडं, चुका पुष्कळ, पण मत स्वतःचं आणि ठाम. सायलेन्सरबद्दल: भाषा उत्तम, पण यांचं स्वतःचं मत एकदाही ऐकू आलं नाही.

विभागाला जबर धक्का बसला. सर्वांत मोठा बसला साहेबांना. आनंद साजरा करण्यापूर्वीच संगणकावर परदेशातून मेल येऊन आदळला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.

"लिही रे त्याला—" साहेब सवयीने ओरडले.

"साहेब, मला नाही लिहिता येणार," सायलेन्सर हळूच म्हणाला. तो खण रिकामा करत होता. "नापासांनी परदेशी मेलला हात लावायचा नाही, असं फर्मान आहे. आणि मला परवा गोदामावर रुजू व्हायचंय."

साहेब पडद्याकडे बघत राहिले. तिथल्या गिऱ्हाइकाने त्यांच्या थोर मनाची स्तुती करून काहीतरी विचारलं होतं. काय, ते त्यांना कळेना.

"तुला जायचंय का तिकडे?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"हो सा—" सायलेन्सर अडखळला. "नाही, साहेब."

"का?"

इतक्या वर्षांत साहेबांनी त्याला 'का' म्हणून कधी विचारलं नव्हतं. सायलेन्सरने वडिलांचा जिना सांगितला, कठडा सांगितला, बाक सांगितलं. साहेबांनी रुमालाने मान पुसली, फोन ओढला आणि थेट मालकांना लावला. पलीकडून इंग्रजी ऐकू येताच त्यांचा रंग उडाला. विभाग श्वास रोखून बघत होता. फोन ते ठेवून देणार, असं सगळ्यांना वाटलं.

"ही सेज," साहेब इंग्रजीत ओरडले, "त्याचं म्हणणं असं आहे की, त्याला इथेच राहायचंय! त्याच्या वडिलांना दिसत नाही! इथला जिना त्यांना पाठ आहे! तुमच्या गोदामाचा नाही! आणि माझं म्हणणं असं आहे की, त्याचं म्हणणं बरोबर आहे!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. साहेबांनी फोन ठेवला आणि धपकन खुर्चीत बसले.

"पुढच्या परीक्षेपर्यंत राहू दे म्हणाले. मेलही लिहू दे, माझ्या जबाबदारीवर." त्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता. "अरे, मी इंग्रजीत बोललो! सरळ मालकांशी! कसा बोललो रे?"

विभागाला उत्तर माहीत होतं. पण सायलेन्सरने डोळे पुसले, जरा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, माझं स्वतःचं मत सांगू?"

"सांग की!"

"बोललात फार छान. पण फोन लावायची गरज नव्हती. त्यांना तसंही ऐकू गेलं असतं."