पाट्याला भेटायला येणाऱ्या अक्का

शेवंताक्का रोज सकाळी आमच्या घरी येतात, पण आम्हाला भेटायला नाही. त्या स्वयंपाकघरातल्या पाट्याला भेटायला येतात. माझ्याकडे न बघता सरळ कोपऱ्यात जातात, पाट्यावरून हात फिरवतात आणि बायकोला विचारतात, "काल काय वाटलंस गं?"

बायको मिक्सर वापरते, तरी "ठेचा" म्हणते. अक्का पाट्यावर बोट घासतात, बोटाचा वास घेतात आणि म्हणतात, "लबाड हायस." मग चहा होतो.

हा पाटा मुळात अक्कांचाच. त्यांच्या पुण्यातल्या लेकानं त्यांना मोबाइल घेऊन दिला. स्वतः येण्याऐवजी तो व्हिडिओ पाठवतो. त्यातल्या एकात कुणी ताई सांगत होत्या की घरातला पसारा काढला की मन शांत होतं, झोप लागते आणि घरात उजेड येतो. धाराशिवात उजेडाची टंचाई मी तरी पाहिली नाही. उन्हाळ्यात तो आम्ही पडदे लावून अडवतो. पण अक्कांनी मनावर घेतलं. "वरीसभर हात लागला का? न्हाय ना? मंग काढा," हे त्यांचं पालुपद झालं.

अडचण एवढीच की अक्कांना टाकवत काही नाही. भंगारवाला दारात आला की त्याला पाणी पाजतात आणि "तुझ्याच गाड्यावर लई पसारा झालाय बघ," असं सांगून वाटेला लावतात. त्यामुळे पसारा गल्लीत वाटला गेला. बाज समोरच्या गुंडाप्पांकडे गेली, शिलाई मशीन कोपऱ्यावरच्या मुल्लाभाभींकडे, आणि आमच्या नशिबी पाटा-वरवंटा आला. मी आणि गुंडाप्पांनी तो उचलून आणला, माझी कंबर अजून ते विसरलेली नाही. अक्कांचं मन शांत झालं आणि आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पसारा आवरण्याचे फायदे असे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मिळतात.

बरं, दिलं ते दिलं म्हणून सोडावं की नाही? "दिल्याली वस्तू माझी न्हाय, मला तिचं काय?" असं म्हणत अक्का रोज फेरी काढतात. गुंडाप्पांचा जरा डोळा लागला की त्यांना उठवून बाजेची सुतळी तपासतात. भाभींना मशीनमध्ये तेल घातलं का विचारतात. आमच्याकडे चौकशी टाकीची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टाचून पुन्हा खरखरीत करावा लागतो, त्याला टाकी लावणं म्हणतात. "टाकी गेली की दगुड मेला म्हनायचा," हे आम्ही चहासोबत रोज ऐकतो.

गेल्या आठवड्यात बायकोच्या पायाचा अंगठा वरवंट्यावर आपटला आणि तिन्ही घरांची बैठक बसली. अक्कांचा जीव वस्तूंत अडकलाय, बिचारीला त्या परत कराव्यात, असं आम्ही मोठ्या मनानं ठरवलं. त्यात आमची सुटका होत होती हा निव्वळ योगायोग. सुरुवात पाट्यापासून करायची होती, वरवंटा दुसऱ्या फेरीला.

निघताना बायको म्हणाली, "शेजारचं भांडं रिकामं परत देत नसतात." पाटा हे भांडं आहे का, यावर आमचा वाद झाला. शेवटी तिनं शेंगाच्या चटणीची वाटी बरोबर दिली. चटणी अर्थातच मिक्सरची होती.

बऱ्याच महिन्यांनी मी अक्कांच्या घरात पाऊल टाकत होतो, कारण त्याच आमच्याकडे यायच्या. आत एक चटई, एक ताट, एक तांब्या. मी पाटा खाली ठेवला, त्याचा आवाज घरभर घुमला. अक्कांचा चेहरा उतरला.

"माझं काय चुकलं का रं?"

"नाही हो अक्का. तुमचा जीव आहे त्याच्यात, म्हणून…"

"दगडात कशाला जीव आसंल माझा?" त्या भिंतीला टेकून बसल्या. "तुमच्याकडं पाटा हाय म्हणून मला येता येतंय. काम नसताना रोज कुणाच्या दारात जावं का मानसानं? आता गुंडाप्पा बाज आणत्याल, भाभी मशीन. मंग सकाळी उठून म्या जायाचं कुठं?"

"तुम्ही कधीही या की."

"आसं समदे म्हणत्यात. माझा ल्योक बी म्हणतो."

मला फार वाईट वाटलं. आमच्या मोठ्या मनाची तर लाज वाटली. मी वाकून पाट्यावरून हात फिरवला. दगडातलं मला काही कळत नाही.

"परत द्यायला नाही आणला अक्का," मी म्हणालो. "गुळगुळीत झालाय, म्हणून दाखवायला आणला. टाकी लावायची तर आम्हाला त्यातलं कळत नाही. तुम्ही समोर उभं राहून करून घेतली तर बरं होईल."

अक्कांनी पाट्यावर बोट घासलं. आमच्याकडे आल्यापासून त्याच्यावर एक मिरचीसुद्धा वाटली गेली नव्हती. तो होता तसा खरखरीत होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लईच गुळगुळीत झालाय. सकाळी येते."

कंबरेची कुरकुर ऐकत मी पाटा पुन्हा घरी आणला. बायकोनं मिक्सर जरा सरकवला आणि कोपऱ्यात जागा केली.